वाद्य कुठं शिकलात आणि पोट कशावर चालतं? सोलापूरच्या वादकांचे अनुभव

विजापूर रोडवरून, धागा सुरू करतेय:
नमस्कार मंडळी. आमचा छोटा जॅझ ग्रुप आहे. सॅक्सवाले दादा वरातीच्या बँडमधले, ड्रमर ऑर्केस्ट्रातला, कीबोर्डवाली चर्चमधून आलेली, बेस गिटारवाला दिवसा युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात सुपरवायझर आणि ट्रम्पेट मी, बारावीनंतर शिकलेली. लोक विचारतात, जॅझ म्हणजे परदेशात जाऊन शिकायचं काम, तुम्हाला कुठून येणार? मला हे पटत नाही. 1959 च्या 'काइंड ऑफ ब्लू' या जॅझ अल्बमवर वाजवणारी माणसं बघा की. सॅक्सवाला कॅननबॉल ॲडर्ली फ्लोरिडात शाळेतला बँड शिकवणारा मास्तर, 1955 ला न्यूयॉर्कला गेला. दुसरा सॅक्सवाला जॉन कोल्ट्रेन नौदलाच्या बँडमध्ये होता, पियानोवाला बिल इव्हान्स तर लष्कराच्या बँडमध्ये चक्क बासरी वाजवायचा. शाळा, फौज, परेड, तिथूनच आली ती माणसं, आणि आपल्याकडं पण असे लोक गल्लोगल्ली आहेत, फक्त त्यांना कुणी विचारत नाही. तर विचारतेय. कुणाकडून शिकलात, आज काय करता, मोकळेपणानं लिहा.

बाळीवेसहून:
ताई, तुमचे सॅक्सवाले दादा म्हणजे मीच, पण इथं नीट लिहितो. आमच्या आजोबांपासून घरात बँड. मी आधी खुळखुळा धरला, मग साईड ड्रम, मग क्लॅरनेट, सॅक्स लय उशिरा हातात आला कारण वाद्य महाग आणि घरात एकच, ते काका वाजवायचे. वही नाही, नोटेशन (कागदावर लिहिलेले सूर) नाही. गाणं लावायचं, काका एक ओळ वाजवणार, आपण मागनं वाजवायची, चुकलं तर परत. लग्नसराईत तिथी असली की दिवसाला दोन वराती, आणि आषाढापासून चार महिने लग्नंच नाहीत तेव्हा गणपती सोडला तर हातात काय नाही, मग मी चादरीच्या कारखान्यात पॅकिंगला जातो. मे महिन्यात उन्हात उभं राहून वाजवताना रीड (तोंडात धरायची पातळ पट्टी) वाळते, वाळली की सूर चिरका येतो, म्हणून एक रीड वाद्याला आणि एक ओल्या फडक्यात गुंडाळून खिशात. आता डीजे आल्यापासून कामं निम्म्यावर आली, हे खरं आहे आणि त्याचं वाईट वाटतं, कारण पोरं शिकायला येईनात.
जॅझमध्ये आलो तेव्हा सगळ्यात अवघड गेला तो सा. पेटीच्या पट्ट्यांवर बघितलं तर ट्रम्पेटचा सा काळी पाचला, माझ्या आल्टो सॅक्सचा काळी दोनला, आणि कीबोर्डवाली म्हणते पांढरी एकमध्ये घ्या. म्हणजे तिच्या सा साठी मला माझ्या वाद्यावर ध धरायचा. वरातीत हे बोटांना माहीत होतं, डोक्याला आता कळलं. पण ऐनवेळी मनानं वाजवायचं म्हणाल तर ते आम्हाला कुणी शिकवायला लागलं नाही. नवरदेवाची मंडळी नाचायला लागली की गाण्याची एकच ओळ दहा मिनिटं ओढायची असते, तिथं तेच तेच कसं वाजवणार?

रेल्वे लाईन्सहून:
मी कीबोर्डवाली. लहानपणी चर्चमध्ये पेटीवर बसवलं ते तिथंच. भक्तिगीतं चार आवाजांत, सोप्रानो आल्टो टेनर बेस, आई आल्टो गायची आणि तिचीच ओळ माझ्या कानात बसली, त्यामुळं हार्मनी मला पुस्तकातनं कधी शिकावी लागली नाही. जॅझच्या कॉर्डमध्ये (एकदम दाबायच्या सुरांत) सातवा सूर, नववा सूर चढवतात, पहिल्यांदा ऐकल्यावर वाटलं की कुणीतरी चुकून जास्तीचं बोट ठेवलंय! नोकरी बँकेत आहे. रविवारी आधी उपासना, मग प्रॅक्टिस.

अशोक चौकातून:
आमचं घर तेलुगू, बाबा यंत्रमागावर. मी ढोलकी वाजवायचो, मग ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड, मग ड्रम. स्विंग, म्हणजे जॅझचा झुलता ठेका, कसा घ्यायचा हे मला कुणी इंग्रजीत सांगितलं तेव्हा काही कळलं नाही, मग मीच शोधलं. एका मात्रेचे तीन भाग करा, पहिला आणि तिसरा वाजवा, मधला सोडा. दादरा (तीन-तीन मात्रांचा ताल) हातात असेल त्याला हे लगेच येतं, केरव्याच्या (चार-चारच्या) सरळ हाताला जरा वेळ लागतो. रोजचं पोट रिक्षावर चालतं, आणि ऑर्केस्ट्राची कामं जानेवारीत गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) आसपास जास्त मिळतात.

जुळे सोलापूरहून:
मी वादक नाही, नुसता ऐकणारा. पण यावरून मनोहारी सिंग आठवले. सिनेमातला एवढा मोठा सॅक्सोफोनवाला, तो कोलकात्याजवळ बाटाच्या बूट कारखान्याच्या बँडमधून पुढं आला. आणि मुंबईत रात्री हॉटेलात जॅझ आणि दिवसा फिल्मच्या रेकॉर्डिंगला वाजवणारी गोव्याची माणसं, ती गावातल्या चर्चच्या शाळेत नोटेशन शिकलेली. चिक चॉकलेट म्हणून जो ट्रम्पेटवाला गाजला त्याचं खरं नाव अँटोनियो झेवियर वाझ, आपल्या सी. रामचंद्रांकडं साहाय्यक होता. कारखाने आपल्याकडं पण जुनेच, जुनी मिल ही कापडगिरणी तर 1877 ची. इथल्या गिरणगावातल्या वादकांच्या आठवणी कुणाच्या घरात असतील तर प्लीज लिहा, ती पिढी हातातनं चाललीय.

पोलीस लाईनमधून:
मी पोलीस बँडमधून रिटायर, युफोनियम (जाड आवाजाचं मोठं पितळी वाद्य) वाजवायचो. भरती झाल्यावर आम्हाला आधी नोटेशन वाचायला लावलं, वाचता आल्याशिवाय परेडला उभं करत नव्हते. तुमच्या बाळीवेसच्या दादांना सांगतो, कान तुमचा पक्का आहे, कागद दोन-तीन महिन्यांत येईल, घाबरू नका. आधी फक्त टाळी देऊन लय वाचा, वाद्य हातात घ्यायचंच नाही. मग एकच स्केल, ती पण लिहिलेली बघून. वाटल्यास त्या डीजेमुळं रिकाम्या बसलेल्या पोरांना पण घेऊन या, संध्याकाळी सहानंतर मी घरीच असतो, वह्या मी देतो, वाद्यं त्यांनी आणायची.

बाळीवेसहून:
काका, येतो. पुतण्याला पण आणतो, तो ट्रम्पेट धरायला लागलाय.