'ड्रोन'ला मराठीत काय म्हणायचं? (उडणारा नव्हे)

खर्डेघाशी
मंडळी, अडले आहे. नागपुरात सिव्हिल लाइन्सच्या एका लहानशा सभागृहात प्रायोगिक ध्वनी-दृश्यांचा कार्यक्रम आहे. तीन पोरं, दोन लॅपटॉप, भिंतीवर प्रोजेक्टर आणि एक पत्र्याचा कूलर. कूलर हवेसाठी नाही, वाद्य म्हणून. पत्रकाचं मराठी माझ्या गळ्यात पडलंय. इंग्रजीत पहिल्याच ओळीत 'ड्रोन' होतं, मी तसंच ठेवलं: '४० मिनिटांचा ड्रोन'. दुसऱ्या दिवशी सभागृहाच्या व्यवस्थापकांचा फोन. "मॅडम, पोलिसांची परवानगी घेतली का? आत उडवणार की आवारात?" पंधरा मिनिटं समजावलं. शेवटी म्हणाले, "म्हणजे नुस्ता आवाज येऊन राहील. मग तसं लिहा ना बाप्पा."

तर अखंड चालणाऱ्या, न बदलणाऱ्या किंवा फारच सावकाश बदलणाऱ्या सुराला शब्द काय? कोशात 'गुणगुण', 'भुणभुण', 'गुंजारव' आणि 'नर मधमाशी' एवढंच हाती लागलं. भुणभुण म्हटलं की कानाशी कटकट आठवते. गुंजारवात कमळं दिसायला लागतात. पत्रक गुरुवारी छापायला जातंय. खाली 'नॉइज' पण आहे, त्याचं नंतर बघू.

पुणेरी चष्मा
अखंडनाद. झालं की. संस्कृत धातू हाताशी असताना आपण हात पसरायला जातोच कशाला?

महालकर
'अखंड' वाचलं की आमच्याकडे सप्ताह आठवतो. लोक टाळ घेऊन येतील आणि महाप्रसाद किती वाजता म्हणून विचारतील.

तुणतुणं
शब्द आहे की: सूर. सनईच्या ताफ्यात एक जण वाजवतो आणि दुसरा नुसता सूर धरतो. त्याला ताना नाहीत, मुरक्या नाहीत. गालात हवा साठवून नाकाने श्वास घ्यायचा आणि स्वर तुटू द्यायचा नाही, लग्न लागेपर्यंत. माझे मामा आयुष्यभर सूर धरायचे. बक्षिसाची नोट वाजवणाऱ्याच्या टोपीला लागायची. मामांना विचारलं की म्हणायचे, "मी थांबलो तर त्याला कळेल." ड्रोन म्हणजे दुसरं काय? याशिवाय शाहिराच्या मागे झीलकऱ्याची झील आहे, तंबोऱ्याची आस आहे. घ्या कोणताही.

खर्डेघाशी
मामांची गोष्ट काळजात ठेवली. पण '४० मिनिटांचा सूर' वाचून माणूस चाल ऐकायला येईल आणि चिडून जाईल. शिवाय सभेत नाराजीचाही सूरच असतो. आस म्हणजे तार छेडल्यावर मागे रेंगाळतं ते ना? इथे तर छेडणंच नाही. आणि झील लिहिलं की कुणीतरी 'री ओढणे'वर जाणार.

शॉर्टसर्किट
ताई, त्या तिघांतला एक मी. आधी आवाज काय आहे ते सांगतो, मग शब्द शोधा. कूलरचा पंखा बंद. फक्त पंप चालू. मागच्या पत्र्याला आतून २७ मिलिमीटरची पिझोची चकती चिकटवली आहे, ती हवेतला आवाज घेत नाही, पत्र्याची थरथर घेते. पंपाची गुणगुण, ताटीवरून गळणाऱ्या पाण्याची टपटप आणि पत्रा स्वतः कण्हतो ते. आम्ही त्यातला एकच भाग उचलून हळूहळू मोठा करतो. आपली वीज ५० हर्ट्झची. प्रवाह एका सेकंदात ५० फेऱ्या करतो, पण लोखंड प्रत्येक फेरीत दोनदा ओढलं जातं, म्हणून ट्रान्सफॉर्मर न् मोटारी १०० वर गुणगुणतात. पेटीवर खर्जातली पांढरी पाच ९८ ला येते. म्हणजे कूलर जवळजवळ पांढरी पाचमध्ये आहे, जरासा चढा.

महालकर
म्हणजे कोराडीची वीज पांढरी पाचमध्ये गाते आणि आम्ही उगाच बिलाकडे बघत बसतो! अमेरिकेत कशात गाते?

शॉर्टसर्किट
तिथे ६० हर्ट्झ, म्हणजे गुणगुण १२० ला. काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधात कुठंतरी.

पुणेरी चष्मा
माहितीपूर्ण. पण 'येऊन राहील' हे रूप पत्रकात येणार नाही ना, एवढी खात्री द्या. मराठीत 'येईल' किंवा 'येत राहील' म्हणतात. नादाविषयी म्हणाल, तर तेराव्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला, त्यात आहत आणि अनाहत असे नादाचे दोन प्रकार सांगितले आहेत. आघातातून होतो तो आहत. परिभाषा इतकी तयार असताना ड्रोन कशाला?

शॉर्टसर्किट
पंप कोणावर आघात करून राहिला?

महालकर
हे उत्तम. आणि चष्मेवाले, 'करून राहिला'चं काम तुमच्या 'करतो आहे'ने भागत नाही. त्यात मागून चालत आलेलं आणि अजून न थांबलेलं असं दोन्ही असतं. खरं म्हणजे ड्रोनचं व्याकरण तेच आहे! 'सूर येऊन राहिला.' झाला अनुवाद.

खर्डेघाशी
हसले, पण टिपून ठेवलं. आता 'नॉइज'. गोंगाट लिहिलं तर माणसांचा वाटतो.

शॉर्टसर्किट
हल्ला लिहा.

पुणेरी चष्मा
हल्ला म्हणजे आक्रमण. पानिपतावर होतो तो.

महालकर
आमच्या शाळेत बाई दारातून ओरडायच्या, "हल्ला बंद करा!" आणि चाळीस पोट्टे गप्प व्हायचे. कोणीही ढाल-तलवार खाली ठेवली नाही. हिंदीतून आला असेल, येऊ द्या, आमच्या शेजारीच राहते ती. माझं तर मत आहे की हल्ला आणि हलगी एकाच मुळातले. हलगी वाजली की हल्ला होणारच.

तुणतुणं
हलगीला त्यात ओढू नका. दोन शब्दांत 'हल' आहे म्हणून सोयरीक जुळत नाही. मग हलवाही त्याच घरचा.

महालकर
दिवाळीच्या आधी हलवायाच्या दुकानासमोर उभे राहा, कळेल. आणि नॉइज संगीत परदेशातून आलं असं त्या पोरांना वाटत असेल तर तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत घेऊन या. काळी-पिवळी मारबत, म्हणजे मोठाले पुतळे, मागे बडगे म्हणजे आणखी पुतळे, डबे-पिंपं बडवणारी गर्दी आणि "घेऊन जा गे मारबत!" सव्वाशे वर्षांहून जुना कार्यक्रम. पत्रक कोणी छापत नाही.

आजोबांचा रेडिओ
मी इथे फारसा लिहीत नाही. आमचं घर मिलच्या भिंतीला लागून होतं. (मिलच. गिरणी तुम्ही म्हणता, आमच्याकडे दळण चक्कीवर जायचं आणि माणसं मिलमध्ये.) एम्प्रेस मिल १८७७ सालची, व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाली म्हणून ते नाव. भोंग्यावर सगळे लिहितात, कारण भोंगा ऐकू येतो. त्याच्याखाली जे दिवसरात्र चालायचं ते ऐकूच यायचं नाही, इतकं ते घरातलं झालं होतं. भिंतीला पाठ लावली की पाठीत यायचं. ताकाच्या भांड्यावर बारीक वर्तुळं दिसायची. आई त्याला 'घूं' म्हणायची. "घूं चालू आहे ना? मग पगार चालू आहे." संप झाला त्या पहिल्या रात्री आम्ही सगळे जागे. बाबा पाणी प्यायला उठले, आई अंधारातच म्हणाली, "घूं नाही म्हणून झोप येत नाही."
शॉर्टसर्किट यांच्या कूलरचं वाचून आठवलं. शब्द म्हणून चालेल की नाही ते तुम्ही ठरवा.

तुणतुणं
'४० मिनिटांचं घूं.' माझं मत याला.

पुणेरी चष्मा
आठवण सुंदर आहे, मनापासून सांगतो. पण घूं हा शब्द नाही, ध्वनीची नक्कल आहे. उद्या कोणी घूंकार करेल, घूंवादी होईल.

महालकर
खळखळ, सळसळ, कुजबुज, भणभण या काय नकला नाहीत? त्या काढल्या तर मराठीत पाऊस कसा पडेल? आणि शब्द पाडण्याचा कारखाना नागपुरानेही बघितला आहे. डॉ. रघुवीर १९४६ मध्ये लाहोरहून आपली संस्था घेऊन इथेच आले होते, मध्यप्रांत सरकारसाठी त्यांनी हजारो पारिभाषिक शब्द घडवले. टायला कंठलंगोट वगैरे टवाळी त्यांच्या नावावर खपवतात ती सोडा, माणूस मोठा विद्वान. अभियंता चालला. पण जे चाललं ते रोज तोंडात आलं म्हणून. पंपाला कोणी उदंचक म्हणतं का?

पुणेरी चष्मा
अभियंता चालला एवढं मान्य केलंत, आभार. म्हणजे माझी बाजू सिद्ध झाली.

फक्त वाचक
व्यवस्थापकांना हसू नका, ते बरोबरच होते. इंग्रजीत ड्रोन म्हणजे नर मधमाशी. १९३५ मध्ये ब्रिटिशांनी तोफांच्या सरावासाठी विनावैमानिक विमान केलं, नाव 'क्वीन बी', राणीमाशी. अमेरिकनांनी त्यावरून आपल्यांना ड्रोन म्हटलं. गुणगुण आणि विमान एकाच पोळ्यातले.
दुसरं, तिकडच्या ड्रोन संगीतातलं मोठं नाव म्हणजे न्यूयॉर्कचे ला माँट यंग. १९७० पासून ते किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचे शिष्य, तंबोरा लावायलाच शिकले. म्हणजे आपण आपल्याच तंबोऱ्याला परत येताना काय म्हणायचं यावर भांडतो आहोत. तंबोरा म्हणा ना सरळ. 'कूलरचा तंबोरा'.

तुणतुणं
तंबोऱ्याला जवारी लागते. घोडीवर तारेखाली दोरा सरकवून सरकवून आवाज उघडावा लागतो, मिरजेच्या कारागिराचे दिवस जातात त्यात. पंपाला बटण असतं.

शॉर्टसर्किट
आम्ही पत्रा आणि चौकट यांच्या मधात सायकलच्या ट्यूबचा तुकडा सरकवतो. अर्धा इंच इकडेतिकडे झाला तर सगळा आवाज मरतो. काल चार तास तेच करून राहिलो होतो. आता जवारी म्हणा नाहीतर पंक्चर.

तुणतुणं
हं. मग बोलत नाही.

खर्डेघाशी
पत्रक गेलं. काल रात्री अकरापर्यंत 'सूर', 'घूं' आणि 'तंबोरा' यांच्यात अडकले होते, मग छापखान्यातून फोन आला आणि मी लिहून टाकलं: 'कूलर. ४० मिनिटं.' नॉइजच्या जागी 'हल्ला' लिहिलं होतं, ते तपासणाऱ्याने 'हल्लाबोल' केलं. असो. आज सकाळी व्यवस्थापकांचा पुन्हा फोन. "मॅडम, आपल्या हॉलला एसी आहे. कूलर कायले आणता?"

पुणेरी चष्मा
अखंडनाद लिहिलं असतं तर हा फोन आला नसता.

महालकर
हलगीचं मी अजून मागे घेतलेलं नाही.