कोकणातल्या सुट्टीसाठी टाइमशेअर : ठरलेला आठवडा की पॉइंट्स?

गुहागरची माहेरवाशीण, ठाणे

टाइमशेअर म्हणजे आधी मोठी रक्कम भरून दरवर्षी काही दिवस रिसॉर्टमध्ये राहायचा हक्क घेणं. मुलं शाळेत असतील आणि तो घ्यायचाच असेल, तर ठरलेला आठवडाच घ्यावा, पॉइंट्सच्या भानगडीत पडू नये, असं माझं ठाम मत आहे. आमचं गुहागरचं घर भावकीत वाटलं गेलं. आता सगळी भावंडं मुलाबाळांसकट तिथे मावत नाहीत, म्हणून हा विचार सुरू झाला.

ठरलेल्या आठवड्यात दरवर्षी तेच रिसॉर्ट आणि त्याच तारखा. फ्लोटिंग प्रकारात सीझन आपला ठरलेला, पण त्यातला आठवडा दरवर्षी मागून घ्यायचा. पॉइंट्समध्ये दरवर्षी पॉइंट्स जमा होतात आणि खोली, दिवस, सीझन बघून ते कापले जातात. मे महिन्यात हे पॉइंट्स भराभर संपतात आणि नेमकी तेव्हाच आपल्याला सुट्टी असते. शिवाय रेल्वेचं रिझर्व्हेशन नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं. तारखा पक्क्या असल्या तर पहिल्याच सकाळी चिपळूणची तिकिटं काढता येतात. पॉइंट्सवर कोणी खोली रद्द केली म्हणून आपल्याला मिळाली, तोवर गाड्यांना वेटिंग लागलेलं असतं.

देवगडकर

ताई, मे महिन्यापुरतं पटलं. पण आपले सण इंग्रजी तारखेने येत नाहीत. लक्ष्मीपूजन २०२५ ला २१ ऑक्टोबरला होतं, २०२६ ला ८ नोव्हेंबरला आहे. गणपती २०२५ ला २७ ऑगस्टला आले, २०२६ ला १४ सप्टेंबरला येतील. दिवाळीचा म्हणून घेतलेला आठवडा पुढच्या वर्षी शाळा चालू असताना यायचा!

आणि कोकणात सलग सात दिवस रिसॉर्टमध्ये राहतं कोण? मुंबई-पुण्याची माणसं शुक्रवारी रात्री निघतात, रविवारी परततात. पॉइंट्स असले तर दोन रात्री तारकर्ली, पुढे कधीतरी तीन रात्री हरिहरेश्वर असं तोडून वापरता येतं. आजी-आजोबांना पावसाळ्यात वेगळं पाठवता येतं, तेव्हा पॉइंट्सही कमी लागतात. मी पॉइंट्सच घेईन.

गुहागरची माहेरवाशीण

दिवाळीचा मुद्दा बिनतोड आहे, मान्य. म्हणून आठवडा मेचाच घ्यायचा, आणि तोही पहिल्या पंधरवड्यातला. महिन्याच्या शेवटी पाणी खवळायला लागतं, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद होतात, मग मालवणला जाऊन मुलांना दाखवायचं काय? पण शनिवार-रविवारसाठी पॉइंट्स हे मला अजूनही पटत नाही. त्याच दोन रात्री सगळ्यांनाच हव्या असतात.

आचऱ्याचो

माका यातला कायच पटूक नाय. आधी हिशोब करा.

धरून चला, मेंबरशिप तीन लाखांची, २५ वर्षांची, वर्षाला सात रात्री. १८ टक्के जीएसटी धरून ३ लाख ५४ हजार. १७५ रात्रींत वाटले तर रात्रीला दोन हजारांवर. रिसॉर्टच्या देखभालीचं वार्षिक शुल्क वीस हजार धरलं तर जीएसटीसकट २३ हजार ६००, म्हणजे रात्रीला आणखी ३ हजार ३७०. झाले जवळपास ५,४०० रुपये. जेवण वेगळं, सुरुवातीला भरलेल्या रकमेचं व्याज वेगळं, आणि ते वार्षिक शुल्क २५ वर्षं तेवढंच राहील हे कुणी लिहून देत नाही. उलट रात्रीला सात हजार पाचशेपर्यंतच्या हॉटेलच्या खोलीवर सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ५ टक्केच आहे.

याच पैशात राज्य सरकारच्या न्याहारी-निवास योजनेतल्या गावातल्या घरांत उतरा. सकाळी घावणे-चटणी, दुपारी सोलकढी, मागच्या पडवीत मुलांना खेळायला जागा. पैसा गावातल्या घरात जातो.

देवगडकर

हिशोब बरोबर, पण एक बाजू राहिली. बारा-पंधरा माणसांना मेच्या सुट्टीत एका घरात खोल्या मिळत नाहीत. वयस्कर माणसांना कमोड, लिफ्ट, एसी लागतो. ते सगळीकडे नसतं, हे तुम्हालाही माहीत आहे.

आचऱ्याचो

लिफ्ट कशाक? घरा सगळी बैठीच असतंत. कमोड आता बऱ्याच ठिकाणी बसवलेत, फोन करून विचारा.

रत्नागिरीची वकीलबाई

कुठलाही प्रकार घ्या, सहीआधी करार घरी आणून वाचा. गिफ्ट व्हाउचर देऊन दोघा नवरा-बायकोला बोलावतात आणि "ऑफर आजच्यापुरतीच" म्हणून कार्ड स्वाइप करून घेतात, तिथे सही करूच नका. युरोपात १४ दिवसांत करार मोडायचा हक्क कायद्याने आहे. आपल्याकडे टाइमशेअरसाठी तसा वेगळा कायदा नाही, करारात जेवढे दिवस असतील तेवढेच. आणि बहुतेक करार वापरण्याचा हक्क देतात, सातबाऱ्यावर नाव चढत नाही.

तीन कलमं मुद्दाम शोधा. वार्षिक शुल्क किती वाढू शकतं, न वापरलेला आठवडा पुढे नेता येतो का, आणि मेंबर वारल्यावर मुलांवर ते शुल्क बसतं का. वाद झालाच तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीच्या शहरात खेटे घालायला नकोत.

गुहागरची माहेरवाशीण

वकीलबाई, तिसरं कलम माझ्या डोक्यातच नव्हतं. नमुना करार मागवते. आचऱ्याचे भाऊ, मेच्या पहिल्या आठवड्यात पंधरा माणसं उतरतील असं घर तुमच्याकडे असेल तर सांगा, तोवर मी कुठेच पैसे भरत नाही.