पॉज कोण करणार? सोबत खेळण्याच्या रीतीभाती : आपापले अनुभव सांगा

मुक्ता, गावभाग
काल लेकाचा मित्र खेळायला आला होता. सातवीतली पोरं. माझा सहा वर्षांचा भाचाही होता. घरात दोन कंट्रोलर, त्यातल्या एकाची डावी दांडी आपोआप सरकते. त्या मित्राने दोन्ही हातात घेऊन बघितले आणि चांगला होता तो काही न बोलता भाच्याला दिला. मी कणीक मळत होते, हात तसेच थांबले.

आमच्याकडे टीव्ही गेम आला तेव्हा मी तिसरीत होते. दोन रिमोट, पण दुसऱ्या रिमोटला स्टार्ट-सिलेक्ट बटणंच नव्हती. म्हणजे पॉज पहिल्या रिमोटवाल्याच्याच हातात, आणि पहिला कायम दादाचा. आजी सारखी मलाच हाक मारायची. पाणी दे, दार उघड, वाती कुठं ठेवल्यास. कॉन्ट्रा या बंदुकांच्या गेममध्ये एक गोळी लागली की एक लाईफ गेलं, आणि सुरुवातीला लाईफ तीनच. दादाचा अंगठा स्टार्टवरच टेकलेला असायचा. आजीच्या ‘मुक्ते’मधला ‘मु’ ऐकू आला की स्क्रीन थांबलेली. मी परत येऊन मांडी घालून रिमोट हातात घेईपर्यंत तो सुरू करायचा नाही. हे त्याला कुणी शिकवलं, मला आजवर माहीत नाही.

तुमच्याकडे काय रीत होती? सगळ्यांनी लिहा.

मिरजकर 87
धबधबा!!! कॉन्ट्राची तिसरी लेव्हल. वर चढत जायचं असतं आणि एकजण भराभर वर गेला की स्क्रीन त्याच्याबरोबर सरकते, खालचा फुकट मरतो. माझा चुलतभाऊ प्रत्येक कातळावर उडी मारायच्या आधी विचारायचा, ‘आलास का रे?’ अजून गाडीवरून कुठं निघालो तरी सिग्नलला मागं वळून हेच विचारतो. आणि एस गन, म्हणजे गोळ्या पसरून मारणारी भारी बंदूक, ज्याच्याकडं नाही त्यानं घ्यायची. त्यावरून भांडण कधी झालं नाही आमचं.

लता_ताई
आमच्याकडे मारिओ. त्यात दोघं एकदम खेळता येत नाही, पहिला मरेल तेव्हा दुसऱ्याचा नंबर. माझी बहीण इतकी छान खेळायची की माझा नंबर लागेपर्यंत भात शिजायचा. मग बाबांनी ठरवून दिलं, किल्ला झाला की रिमोट द्यायचा, मेलेली असो वा नसो. एका वर्ल्डमध्ये चार लेव्हल, चौथी किल्ल्याची, त्यामुळे हिशोब सोपा. ती कुरकुरली नाही कधी. माझा पहिला किल्ला पार झाला तेव्हा गच्चीवर जाऊन ओरडली होती ती.

पवन_विटा
लाईट जायची त्याचं काय 😭 सेव्ह नाही काही नाही. सातव्या वर्ल्डला होतो. आमच्यात नियम असा की लाईट गेली तर ज्याचा डाव चालू होता त्यालाच पहिला चान्स. लाईट रात्री आली तरी सकाळी पहिला चान्स त्याचाच.

सुजाता के.
@मुक्ता कणीक मळताना कंट्रोलरला हात लावू नका म्हणजे झालं 😄 आमच्याकडे मोठा प्रश्न भडंगाचा. पोरं भडंग खात खेळतात, बटणं तेलकट आणि लाल. आता वाटीत चमचा घालूनच देते. आणि शेजारी ओला रुमाल. बाहेरचं पोरगं आलं तरी हाच नियम.

मिरजकर 87
भडंग चमच्यानं?? वहिनी 🙏

सुजाता के.
हो. कंट्रोलर केवढ्याला येतो माहितीय ना.

नाना_स्टँडजवळ
आम्ही त्याच्याही आधीचे. स्टँडजवळ व्हिडिओ गेमचं पार्लर होतं, चार मशीन. मुस्तफा म्हणायचो त्या गेमला, खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, 1993 चा. पण त्यात मुस्तफा नावाचा गडी लाथ अशी घालायचा की सगळ्यांना तोच पाहिजे. रुपयाचं नाणं काचेच्या कडेला ठेवलं की नंबर लागला. चार नाणी असली तर ओळीनं चौघं. पार्लर गच्च भरलेलं असलं तरी दुसऱ्याच्या नाण्याला कुणी हात लावल्याचं मी बघितलं नाही. ओळख ना पाळख, शेजारी उभा राहून खेळायचो आणि वाटेत खायचं पडलेलं दिसलं की ज्याची ताकद कमी त्यानं उचलायचं. एकजण तर नुसती मान हलवायचा, ‘तू घे.’ त्याचं नाव मला कधीच कळलं नाही. दोन वर्षं खेळलो त्याच्याबरोबर.

मुक्ता, गावभाग
नाना, हे वाचून गलबललं.

रेणुका_विश्रामबाग
मला वेगळं सांगायचंय. मी रोज रात्री तासभर खेळते, नोकरी करून. ऑनलाइन टीममध्ये माइक सुरू केला आणि मुलगी आहे कळलं की अनोळखी लोक काय काय बोलतात ते इथे लिहिण्यासारखं नाही. वर्षभर माइक बंद ठेवून खेळले. मग एकदा टीममधल्या एका सातारच्या मुलाने त्या बोलणाऱ्याला सरळ सांगितलं, ‘ताई खेळायला आल्यात, खेळू दे. नाहीतर तू निघ.’ आणि पुढची मॅच मला विचारून लावली. एवढंच केलं त्यानं. आता माझा माइक सुरू असतो. ऐकून गप्प बसणाऱ्यांनी कृपया गप्प बसू नका, बाकीच्या तिघांतल्या एकानं बोललं तरी फरक पडतो.

लता_ताई
रेणुका, ❤️. माझ्या मुलाला वाचायला दिलं हे.

दोन मुलांची आई
मला बरेच दिवस वाटायचं पोरगा उद्धट झालाय. ‘जेवायला ये’ म्हटलं की ‘पॉज होत नाही आई.’ आमच्या वेळी होत होतं की! भावाने समजावलं, ऑनलाइन मॅचमध्ये समोर बाकीची माणसं खेळत असतात, हा उठला तर याच्या टीमचे तिघे अडकतात. तेव्हापासून मी हाक मारायच्या आधी विचारते, ‘किती राहिलीय?’ तो खरं सांगतो. आणि कुकर लावल्यावर मी सांगते, आता नवीन मॅच लावू नको. तो लावत नाही. पाहुणे आले तर माइक बंद करून उठून नमस्कार करतो, मग बसतो.

अमोल_कडेगाव
आमच्या मामाच्या गावाला या, मोहित्यांचे वडगाव. तिथं संध्याकाळी 7 ला देवळावरचा भोंगा होतो, की टीव्ही मोबाइल बंद. 8.30 ला परत भोंगा. 2022 पासून चालू आहे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मॅच लावून बसलेलो आणि भोंगा झाला. मामी काही बोलल्या नाहीत, नुसती दारात येऊन उभ्या राहिल्या. टीमला सांगितलं ‘भावांनो, गावचा नियम आहे,’ त्यांनी ‘जा जा’ म्हटलं. त्या दीड तासात मामाच्या पोराबरोबर पट मांडून सोंगट्या खेळलो. आता तिथं जायचं असलं की टीमला आधीच सांगून ठेवतो, 7 नंतर मी नाही.

पवन_विटा
टीव्ही गेमबरोबर यायची ती बदकं मारायची बंदूक कुणाकडे आहे का अजून? मी माळ्यावरून काढली, नवीन टीव्हीला जोडली, एक बदक पडंना.

मिरजकर 87
पडणार नाही. ट्रिगर दाबला की स्क्रीन क्षणभर काळी होते आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो, तो उजेड बंदूक पकडते. जुन्या पिक्चर ट्यूबवर तो जागच्या जागी यायचा, नव्या टीव्हीवर किंचित उशिरा येतो. डबडा टीव्ही शोध कुठंतरी.

सांगलीवाडी_एस
2019 चा ऑगस्ट. पबजी या मोबाइल गेमची आमची चौघांची टीम, मी सांगलीवाडीचा, बाकी तिघे मिरजेचे. आमचा नियम एकच, नॉक झालेल्याला, म्हणजे गोळी लागून आडवा पडलेल्याला, सोडून पुढं जायचं नाही. खेळाचं सर्कल आवळत येऊ दे, हरू दे. पुराच्या दुसऱ्या दिवशी माझा मोबाइल बंद पडला. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला 57 फुटांवर पाणी होतं, आम्ही वरच्या मजल्यावर आठ माणसं आणि शेजारची म्हातारी. तिसऱ्या दिवशी बोटीतून बाहेर काढलं, काठावर उतरलो तर तिघेही रेनकोट घालून उभे. दोन दिवस सकाळपासून येऊन थांबत होते, प्रत्येक बोट बघत होते. एकाने मला काही न बोलता चार्ज केलेली पॉवर बँक दिली. आई अजून त्यांना जेवायला घातल्याशिवाय सोडत नाही.

लता_ताई
डोळ्यात पाणी.

नाना_स्टँडजवळ
शाब्बास रे पोरांनो.

विनय_मिरज
उशिरा लिहितोय. लग्नाची बोलणी चालू आहेत, एका ठिकाणी ‘मुलगा गेम खेळतो’ कळलं आणि त्यांनी थेट विचारलं, किती पैसे घालवलेत? त्यांना रमीची ॲपं वाटली. मी कन्सोल दाखवला, सीडी दाखवल्या. ऑगस्ट 2025 च्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम बंद केलेत आणि ई-स्पोर्ट्स वेगळे धरलेत, हेही सांगितलं. मुलीच्या आजोबांनी एक डाव दाखव म्हटलं. क्रिकेटचा लावून दिला, दुसरा कंट्रोलर त्यांना. मी बॉल हळू टाकत होतो, तर म्हणाले, ‘नीट टाक.’

सुजाता के.
मग?? जमलं का?

विनय_मिरज
रविवारी परत बोलावलंय. आजोबांनी.

मुक्ता, गावभाग
सगळ्यांचं वाचतेय, एकेकाला उत्तर द्यायला जमलं नाही, घरात पाहुणे आहेत. दादाला हा धागा पाठवला होता. त्याचा फोन आला. म्हणाला, मला आठवत पण नाही ग, पण तू उठून गेल्यावर एकट्याला काय मजा. शनिवारी येतोय. माळ्यावर पहिला रिमोट सापडला, दुसऱ्याची वायर उंदराने कुरतडलीय. विट्याचे पवन, वायर जोडून देणारं कुणी आहे का तुमच्याकडे?

पवन_विटा
आहे ताई. शुक्रवारी सांगलीला येतोय, द्या माझ्याकडे.

मिरजकर 87
सुजाता वहिनी, भडंगाला लसूण ठेचून का काप करून?

सुजाता के.
ठेचून, सालासकट. चुरमुरे आधी उन्हात ठेवा.