पट्टी बांधायला शिकवणं हलकं काम नाही
"जखमींवर इलाज करायचे सोडून परक्या जवानांना पट्ट्या बांधायला शिकवण्यात आपली माणसं कशाला अडकवायची," असं परदेशी सैन्यांबरोबरच्या सरावांवरच्या या चर्चेत एकांनी लिहिलंय. हे मला अजिबात पटत नाही. २०२२ ला जपानी तुकडी बेळगावात 'धर्म गार्डियन' या भारत-जपान लष्करी सरावाला आली होती तेवढंच इथे बोललं गेलं. आपली माणसं बाहेर जाऊन काय शिकवतात ते राहूनच गेलं.

मी खानापूरचा, सैन्यात नर्सिंग असिस्टंट होतो. काँगोत गोमा इथे संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतल्या आपल्या रुग्णालयात असताना तिथल्या जवानांना टुर्निकेट, म्हणजे रक्त थांबवायला हातापायाला आवळायचा पट्टा, बांधायला शिकवायचं काम माझ्याकडे आलं. मांडीची धमनी तुटली तर माणूस काही मिनिटांतच जातो. तेवढ्यात डॉक्टर नाही, शेजारचा जवानच पोचतो. रक्ताला स्वाहिलीत 'दामू' म्हणतात; आमच्या गल्लीतच दोन दामू, त्यामुळे तो शब्द लगेच तोंडात बसला. बाकी सगळं हातानं. जखमेच्या चार बोटं वर, सांध्यावर कधीच नाही. पट्टा मी माझ्याच मांडीला बांधून घ्यायचो, पण मला दुखेल म्हणून सगळे सैल आवळायचे. मग एकाची बोटं माझ्या पावलावरच्या नाडीवर ठेवली आणि पट्टा पिळून आवळायच्या दांडीला आणखी एक फेरा दिला. नाडी बंद! तो माझ्याकडे बघतच राहिला. पुढं बाकीच्यांना त्यानंच शिकवलं, आणि बांधल्याची वेळ पट्ट्यावर लिहायला कोणी विसरलं तर तोच ओरडायचा.