तिसरीतल्या मुलाला सिलिंड्रिकल नंबर निघाला आहे : चष्मा पूर्णवेळ लावावा का?

सिंहगडरोडची_आई

नमस्कार. माझा मुलगा आठ वर्षांचा असून मराठी माध्यमाच्या शाळेत तिसरीत शिकतो. पहिल्या सत्रापासून त्याच्या वहीत एकाच जातीच्या चुका दिसत होत्या. फळ्यावरून उतरवून घेताना अनुस्वार गळत, 'घ'चा 'ध' आणि 'भ'चा 'म' होई, आणि वाचताना मधलीच एखादी ओळ सुटून जाई. वहीवर दोनदा 'निष्काळजीपणा' असा शेरा आला, आणि मीही त्याला रागावले, ज्याचे आता फार वाईट वाटते आहे. संध्याकाळी कपाळ दुखते असे तो म्हणायचा, ते मी अभ्यास टाळण्याचे निमित्त समजले.

मागच्या आठवड्यात चष्म्याच्या दुकानात यंत्रावर डोळे तपासले, तेव्हा दोन्ही डोळ्यांना सिलिंड्रिकल नंबर निघाला : उजवा उणे १.५०, डावा उणे २.२५, दोन्हींचा अक्ष (भिंग ज्या कोनात बसवायचे तो) १८०. भिंग लावूनही डाव्या डोळ्याला खालच्या ओळी नीट वाचता येईनात. वर्षभरापूर्वी शाळेत झालेल्या तपासणीत मात्र 'दृष्टी ठीक' असेच लिहून आले होते.

सासूबाईंचे म्हणणे असे की, इतक्या लहान वयात चष्मा लावला की डोळ्याला त्याची सवय होते आणि नंबर वाढतच जातो, म्हणून फक्त अभ्यासापुरता लावावा. घरात सगळे मोबाइललाही दोष देत आहेत. जाणकारांनी कृपया सांगावे की हा नंबर कशाने लागतो, चष्मा किती वेळ लावावा, आणि लेखनातल्या त्या चुकांचा याच्याशी खरोखर संबंध असू शकतो का?

दृष्टिमापक_कोथरूड

ताई, मी दृष्टिमापनाचे काम करते आणि शाळकरी मुलेच अधिक तपासते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

दहावीच्या विज्ञानात आपण निकटदृष्टिता आणि दूरदृष्टिता शिकतो, पण या दोषाचे स्वरूप वेगळे आहे. डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची, म्हणजे पारपटलाची, वक्रता सर्व दिशांनी चेंडूसारखी सारखी असली, तर प्रकाश एका बिंदूत एकवटतो. तीच वक्रता चमच्याच्या पाठीसारखी एका दिशेने जास्त आणि दुसऱ्या दिशेने कमी असली, तर बिंदूची रेघ होते. या दोषाला इंग्रजीत 'अ‍ॅस्टिग्मॅटिझम' म्हणतात आणि त्या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थही 'बिंदू नसणे' असाच आहे. केंब्रिजचे खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांना स्वतःच्या डाव्या डोळ्याने ताऱ्यासारखा प्रकाशबिंदू रेघेसारखा दिसत असे. त्यांनी १८२५ च्या सुमारास त्यासाठी दंडगोल, म्हणजेच सिलिंड्रिकल, भिंग घडवून घेतले, आणि आज आपल्या मुलाच्या चष्म्यात जे बसणार आहे ते त्याच तत्त्वावरचे भिंग आहे.

आता आपल्या शेवटच्या प्रश्नाकडे येते, कारण मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. उणे सिलिंडर आणि अक्ष १८० याचा अर्थ असा की, पारपटल उभ्या दिशेने अधिक वक्र आहे. अशा डोळ्याला बहुधा उभ्या रेघा बऱ्यापैकी स्पष्ट दिसतात, परंतु आडव्या रेघा वर-खाली फिसकटतात. देवनागरीत आडवी रेघ म्हणजे शिरोरेषा. ती पुसट आणि जाड झाली की तिच्यावरचा अनुस्वार तिच्यातच मिसळून जातो, आणि 'घ' व 'ध' किंवा 'भ' व 'म' यांच्यात फरक दाखवणारी शिरोरेषेची छोटीशी फट फळ्यावर नीट उठून दिसत नाही. काना मात्र जागच्या जागी दिसतो. आपण दिलेल्या चुका या चित्राशी इतक्या जुळतात की, त्यांचे कारण आधी डोळ्यांत शोधावे असे मी आग्रहाने सांगेन. चष्म्यानंतरही त्या तशाच राहिल्या, तर वाचनाची वेगळी तपासणी करता येईल.

शाळेच्या तपासणीत हे सुटले याचेही मला नवल वाटत नाही. मुले रांगेत उभी असताना पुढच्याने वाचलेली अक्षरे पाठ करतात, झाकलेल्या डोळ्यावरच्या बोटांच्या फटीतून पाहतात, आणि डोळे बारीक करतात. पापण्या मिटत आणल्या की उरलेल्या आडव्या फटीतून उभ्या दिशेचा धूसरपणा कमी होतो, त्यामुळे या प्रकारच्या दोषात ती युक्ती विशेष चालते. शिवाय मूल स्वतःहून तक्रार करत नाही. त्याला जग कायम असेच दिसत आले आहे.

पूर्वी जे झाले ते असो, आता यंत्रावरच्या आकड्यावर चष्मा करू नये. लहान मुलांच्या डोळ्यांत जवळचे पाहण्यासाठी भिंग फुगवण्याची ताकद फार असते आणि तपासताना तीच आकडे फसवते, म्हणून नेत्रतज्ज्ञांकडे थेंब टाकून, बाहुली मोठी करून तपासणी करून घ्यावी. थेंबांनंतर काही तास, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत, जवळचे धूसर दिसते आणि उन्हाचा त्रास होतो. त्यामुळे परीक्षेच्या आदल्या दिवशी जाऊ नये.

चष्म्याने नंबर वाढत नाही. तो पूर्णवेळच लावावा, कारण हा दोष जवळ आणि लांब दोन्हीकडे धूसर दाखवतो. त्याचे मूळ बहुतेक वेळा पारपटलाच्या जन्मजात घडणीत आणि आनुवंशिकतेत असते. मोबाइलने तो होत नाही. मैदानावर कमी जाणे आणि सतत जवळचे पाहणे यांचा संबंध निकटदृष्टितेशी जोडला जातो, त्यामुळे मोबाइल कमी करणे चांगलेच, पण या नंबराचा दोष मुलाच्या माथी मारू नये.

कर्वेनगर_बाबा

डाव्या डोळ्याची गोष्ट वाचून राहवले नाही. माझ्या मुलीचेही असेच होते. एका डोळ्याने उत्तम दिसत असल्यामुळे दुसऱ्याला काही कमी आहे हे ती पाचवीत जाईपर्यंत आम्हाला कळलेच नाही. डॉक्टरांनी सांगितले की, लहानपणापासून मेंदूकडे धूसर चित्रच गेले तर मेंदू त्या डोळ्याकडून स्पष्ट पाहायला शिकत नाही, आणि मग योग्य भिंग लावूनही खालच्या ओळी दिसत नाहीत. यालाच आळशी डोळा म्हणतात, जरी त्यात मुलाचा किंवा डोळ्याचा आळस काहीच नसतो. चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी असे उपचार आम्ही चिकाटीने केले. फरक पडला, पण पूर्ण नाही. सात-आठ वर्षांच्या आत सुरुवात झाली तर सर्वांत चांगला प्रतिसाद मिळतो, आणि त्यानंतरही अनेक मुलांना उपयोग होतो. तुमचा मुलगा आठ वर्षांचा आहे, म्हणून कृपया उन्हाळ्याच्या सुट्टीची वाट पाहू नका. खर्चाचा प्रश्न असेल तर ससूनच्या नेत्रविभागातही तपासणी होते.

निवृत्त_बाई

मी तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले. फळ्यावरचे दिसत नाही असे वाटले की आम्ही मुलाला पहिल्या बाकावर बसवायचो आणि प्रश्न मिटला असे समजायचो. जवळूनही धूसर दिसणाऱ्या मुलाला त्याचा किती थोडा उपयोग झाला असेल, हे वर वाचताना जाणवले. अनुदानित आणि सरकारी शाळांत २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके येतात, परंतु वर्षभर वही तपासणारे शिक्षकच असतात. ताई, डॉक्टरांचा कागद वर्गशिक्षिकेला जरूर दाखवा आणि तो शेरा खोडायला सांगा. त्या नाही म्हणणार नाहीत.

सिंहगडरोडची_आई

सर्वांचे मनापासून आभार. उद्याच नेत्रतज्ज्ञांची वेळ घेते. एक गोष्ट लिहायची राहिली : मार्च-एप्रिलमध्ये त्याचे डोळे फार खाजतात आणि तो मुठीने चोळत राहतो. त्याचा काही संबंध असेल का?

दृष्टिमापक_कोथरूड

हे डॉक्टरांना अगदी आवर्जून सांगा. अ‍ॅलर्जीमुळे वर्षानुवर्षे डोळे चोळणाऱ्या मुलांत पारपटल पातळ होऊन शंकूसारखे पुढे येण्याचा धोका वाढतो. या विकाराला केरॅटोकोनस म्हणतात. सिलिंड्रिकल नंबर भराभर वाढू लागला, अक्ष तिरका होऊ लागला किंवा चष्म्यानेही अक्षरे दुहेरी दिसू लागली, तर पारपटलाचा नकाशा काढणारी टोपोग्राफी तपासणी करावी लागते. वेळेत कळले तर पारपटल बळकट करणाऱ्या क्रॉसलिंकिंगच्या उपचाराने वाढ बहुतेकदा थांबवता येते. आपल्या मुलाचे आकडे सरळ अक्षावर आहेत, त्यामुळे घाबरू नका, मात्र खाजेवर औषध घ्या आणि मनाने कोणतेही थेंब आणू नका. स्टेरॉइडचे थेंब देखरेखीविना वापरले तर डोळ्यातला दाब वाढू शकतो.

सिंहगडरोडची_आई

दोन आठवड्यांनी लिहिते आहे. थेंब टाकून तपासणी झाली. उजवा नंबर तोच राहिला आणि डावा उणे २.५० ठरला. चष्म्यासह डाव्या डोळ्याची दृष्टी ६/१२ आहे, म्हणजे निरोगी डोळ्याला बारा मीटरवरून वाचता येते ते त्याला सहा मीटरवरून वाचता येते. आधी दोन महिने चष्मा पूर्णवेळ लावायचा आणि त्यानंतर गरज वाटली तर रोज दोन तास पट्टी, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. खाजेसाठी वेगळे थेंब दिले आहेत. पहिले चार दिवस त्याला जमीन उतरती वाटत होती आणि जिना उतरताना तो कठडा धरत होता, आता ते थांबले आहे. सासूबाईंनाही डॉक्टरांकडे नेले होते. आता सकाळी चष्म्याची आठवण त्याच करतात.

एक अडचण आहे. खेळताना फ्रेम वाकडी होते आणि तो तशीच घालून फिरतो. चालेल का?

दृष्टिमापक_कोथरूड

चालणार नाही, ताई. सिलिंडरच्या भिंगाचा अक्ष दहा अंशांनी फिरला तरी सुमारे एक तृतीयांश फायदा जातो, आणि तीस अंशांनी फिरला तर चष्मा न लावल्यासारखेच होते. जिथून चष्मा घेतला तिथे फ्रेम सरळ करून घ्या. हे काम पाच मिनिटांचे असते. खेळताना कानामागून बांधायचा रबरी पट्टाही लावून घ्या.