'हस्तक', 'प्रभाव' की 'संधान'? अरब राष्ट्रवादी संघटनांबद्दल लिहिताना नेमका शब्द कुठला

पहिल्या महायुद्धाच्या आसपासच्या अरब राष्ट्रवादी संघटनांवरचा एक लेख मराठीत आणतेय. अल-फतात, अल-अहद वगैरे. त्यात फ्रान्स-ब्रिटनशी असलेल्या संबंधांचा भाग आला की संपादक म्हणतात सरळ 'परकीय हस्तक' लिहा, वाचकाला पटकन कळतं. मला ते खटकतंय पण दुसरा शब्द सुचत नाहीये. आणि 'कौम' हा शब्द राष्ट्र या अर्थी चालेल का? अरबीत राष्ट्रवादाला कौमिया म्हणतात म्हणून विचारलं.

*

ताई, तुम्हाला खटकलं ते बरोबरच आहे, हस्तक अजिबात नको. मराठीत हस्तक म्हणजे दुसऱ्याच्या इशाऱ्यावर चालणारा माणूस, स्वतःचं डोकं नसलेला. हा आरोपपत्रातला शब्द आहे आणि या लोकांना ह्याच आरोपाखाली फासावर चढवलंय हो, म्हणून मला तो आज आपण परत वापरणं बरं वाटत नाही.

झालं असं की १९१४ ला तुर्कस्तान युद्धात उतरलं आणि बैरुतचा फ्रेंच कॉन्सल जॉर्ज-पिको गाशा गुंडाळून गेला, पण जाताना कागदपत्रं तिथेच राहिली आणि त्यात कोण कोण अरब पुढारी वकिलातीत येऊन काय बोलून गेले त्याच्या नोंदी होत्या. ते सगळं तुर्कांच्या हाती लागलं. सीरियाचा तुर्की सुभेदार जमाल पाशाने त्यावरून लष्करी कोर्टात खटले चालवले आणि ६ मे १९१६ ला एका दिवसात २१ जणांना फाशी, १४ बैरुतला आणि ७ दमास्कसला. सीरिया-लेबनॉनमध्ये ६ मे हा हुतात्मा दिन झाला तो यावरून.

आता त्यातले अब्दुल हमीद अल-झहरावी बघा. १९१३ च्या जूनमध्ये पॅरिसला अरब काँग्रेस भरली त्याचे हे अध्यक्ष. सभागृह फ्रेंच भूगोल संस्थेचं, शहर पॅरिस, म्हणजे वरवर बघणारा म्हणणारच की फ्रेंचांचा खेळ. पण मागण्या काय होत्या? अरब प्रांतांना कारभारात जास्त अधिकार द्या, अरबीला सरकारी भाषेचा दर्जा द्या. तुर्की साम्राज्यातच राहून, वेगळं राष्ट्र मागितलेलंच नव्हतं. पुढे तुर्की सरकारनेच झहरावींना सिनेटवर घेतलं आणि दोन वर्षांत दमास्कसला फाशी दिलं. या माणसाला हस्तक म्हणायचं?

म्हणून मी एकच शब्द सगळीकडे नाही वापरणार. पॅरिस नि कैरोबद्दल लिहाल तिथे 'आश्रय', कारण इस्तंबूलच्या पोलिसांपासून लांब बसून बोलता यायचं म्हणून लोक तिथे जमायचे, अल-फतातची जुळणी १९११ च्या सुमारास पॅरिसमधल्या अरब विद्यार्थ्यांनी केली ती अशीच. विचारांची गोष्ट असेल तिथे 'प्रभाव' किंवा 'छाप'. आणि वकिलातीत जाऊन केलेल्या गुप्त बोलण्याला आपल्याकडे चांगला शब्द आहे, 'संधान बांधणे'. काहींनी फ्रेंचांशी संधान बांधलं होतं हे खरंच आहे, लपवायचं कारण नाही. पण संधान बांधणारा स्वतःचा हेतू घेऊन जातो, हस्तक दुसऱ्याचा हेतू घेऊन येतो.

*

कौमबद्दल. मराठी वाचक कौम वाचला की धर्म किंवा जमात असंच समजणार, आणि इथे तर फाशी गेलेल्यांत मुसलमान आणि ख्रिश्चन दोघंही होते, त्यामुळे अर्थ पार उलटा होईल. अरबीत दोन शब्द आहेत, कौमिया म्हणजे सगळ्या अरबांचा मिळून राष्ट्रवाद आणि वतनिया म्हणजे इजिप्त, सीरिया अशा आपापल्या देशाची निष्ठा. वतन तर मराठीत पाटील-कुलकर्ण्यांकडे जाऊन बसलंय, त्यामुळे तेही बाद. 'अरब राष्ट्रवाद' आणि 'देशनिष्ठा' असं सरळ लिहा.

प्रभाव शब्दाबद्दल अजून एक. बैरुतचा अमेरिकन मिशनचा छापखाना (१८३४) ज्या 'अमेरिकन बोर्ड' या मिशनरी संस्थेचा, त्याच बोर्डाचं मिशन मुंबईत १८१३ ला आलेलं आणि नगरहून १८४२ ला 'ज्ञानोदय' काढलं ते त्यांनीच. पण तेवढ्यावरून मराठी पत्रकारितेला कोणी अमेरिकेची हस्तक म्हणत नाही. आणि बैरुतच्या अमेरिकन विद्यापीठात शिकलेल्या जॉर्ज हबाश वगैरे मंडळींनी १९५० च्या दशकात अरब राष्ट्रवाद्यांची जी चळवळ उभी केली ती पाश्चात्त्य सत्तांच्या कट्टर विरोधातली होती. कॉलेज कोणाचं यावरून माणूस कोणाचा हे ठरत नाही.

*

सगळं मान्य, पण ब्रिटिशांनी मक्केच्या शरीफ हुसेनला सोनं दिलंच की. मग निदान त्याच्या तुर्कांविरुद्धच्या १९१६ च्या उठावाला तरी हस्तक म्हणावं का?

*

दिलं, बंदुकाही दिल्या. तिथे 'ब्रिटिशांच्या मदतीने' असं स्पष्ट लिहावं, लिहिलंच पाहिजे. पण त्याच वर्षी मे महिन्यात ब्रिटिशांचा सायक्स आणि फ्रेंचांचा तोच जॉर्ज-पिको यांनी हुसेनला न सांगता तो प्रदेश आपापसात वाटून घेतला होता. १९२० च्या जुलैत दमास्कसजवळच्या मैसलूनला फ्रेंच सैन्याने हुसेनचा मुलगा फैसल याचं दमास्कसचं सरकार मोडून काढलं आणि त्या सरकारात अल-फतातचीच माणसं बसली होती. ताई, तुमच्या लेखात हा भाग असेल तर 'परकीय हस्तक्षेप' हा शब्द तिथे वापरा, आधी कुठे नको.