मदत हवी आहे : कांग यात्से २ साठी छोटा कार्यक्रम पुरेल का?

नमस्कार. मी फोंड्याची. धाकट्या भावासोबत ऑगस्टअखेर लडाखमधल्या कांग यात्से २ वर (सुमारे ६२५० मीटर) जायचं ठरतंय. २०२० मध्ये स्टोक कांग्री बंद झाल्यावर सहा हजारांवरचं पहिलं शिखर म्हणून बरेच जण इकडे वळले, तसेच आम्हीही.

सह्याद्रीची दोघांनाही सवय आहे. पाठीवर वजन घेऊन फर्मागुडीचा चढ भर पावसातही चढतोय, त्यामुळे पायांची काळजी नाही. काळजी आहे ती विरळ हवेची. आपल्या गोव्यातला सर्वांत उंच डोंगर सोसोगड जेमतेम ११६६ मीटर आणि लेहचा विमानतळच ३२०० च्या वर!

कार्यक्रम दोन आहेत. पहिल्यात लेहला एकच दिवस विश्रांती, मग गाडी जाईल तिथपर्यंत जाऊन दोन दिवसांत निमालिंग (सुमारे ४७०० मीटर) आणि लगेच बेस कॅम्प. दुसऱ्यात स्किऊपासून मार्खा खोऱ्यातून चालत, तीन-चार दिवस जास्त. भावाला पहिला हवाय, कारण चवथ (गणेश चतुर्थी) तोंडावर असेल आणि माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या सजावटीचं) सगळं आमच्याकडेच असतं. मला तो पटत नाही, पण त्याला समजावायला ठोस काही हवंय. शिवाय त्याला सल्फाच्या औषधांची ॲलर्जी आहे. विरळ हवेचा त्रास टाळायला घेतात ती डायमॉक्सची गोळी चालेल का?

प्रतिसाद :
ताई, पहिला कार्यक्रम नकोच. ३००० मीटरच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक जादा दिवस थांबावं, असं डॉक्टर सांगतात. मार्खा खोऱ्यातूनही हांकर ते निमालिंग ही चढण एकदम सातशेच्या आसपास आहे. मध्ये थाचुंगत्सेला मुक्काम मागून घ्या. सल्फाची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय डायमॉक्स नको, आणि गोळी घेतली म्हणून घाईने चढायची मुभा मिळत नाही. चालताना तोल जायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर मध्यरात्र असली तरी खाली उतरायचं. हे भावाशी फोंड्यातच ठरवून घ्या, वर गेल्यावर डोकं धड चालत नाही.

मूळ प्रश्नकर्ती :
मनापासून आभार. हे त्याला आजच वाचायला देते. रजा आठवडाभर अलीकडे मिळते का तेही बघते, म्हणजे चवथही सांभाळता येईल. थाचुंगत्सेला पाणी जवळ आहे का?